सतरा-ब

या धरणाला नाव नाही. नकाशावर नुसतं सतरा-ब.
नेब्रास्काच्या गवताळ टेकड्यांत, दोन उतारांच्या बेचक्यात
एकतीस फुटांचा मातीचा बांध,
वरून एक ट्रक जेमतेम जाईल,
आणि मागे एवढंसं तळं,
बदकाचे पाय टेकतील की काय असं वाटावं.

लोक विचारतात, वीज होते का? नाही.
शेतांना पाणी? नाही.
मासे? आहेत थोडे, चिखलाच्या चवीचे.
मग बांधलं कशाला?
रिकामं राहायला, मी म्हणते.
लोक हसतात. हसू देत.

बाबांनी एकसष्ट साली मक्याची नऊ एकर याच्याखाली दिली,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफी सांडलेल्या कागदावर सही करून.
आदल्या वर्षी ओढ्याने लुडमिला द्राहोटाचं खुराडं
कोंबड्यांसकट उचलून नेलं होतं.
पुलाच्या खांबाला अडकलेला लहान मुलाचा बूट
बाबांनी घरी आणला,
आणि कुणालाच कधी दाखवला नाही.
ते गेल्यावर मला सापडला, खिळ्यांच्या डब्यामागे.

झाडं लावा, असं सगळं जग म्हणतं.
मी इथे झाडं उपटते.
बोटभर कॉटनवुड, दोन पानांचं, ओल्या मातीत किती सुखाने उभं असतं.
पण झाड मोठं होतं, मरतं, मूळ कुजतं,
आणि बांधाच्या पोटात मुळाच्या आकाराची एक वाट उरते.
पाणी ती वाट शोधत नाही.
नुसतं टेकून बसतं, वर्षानुवर्षं,
सापडेपर्यंत.

मस्करॅटचंही तेच. घुशीचा हा पाणथळ भाऊ
पाण्याखालून दार करतो.
त्याच्यावर राग नाही माझा. त्यालाही घर हवं.
पण हे नव्हे, बाबा, हे नव्हे.

बाजूच्या सांडव्यात एमिल पोस्पिशिलला
गवताचे गठ्ठे रचायचे आहेत.
'साठ वर्षांत इथून थेंब वाहिला नाही, आर्डिथ.'
म्हणूनच, मी म्हणते.
त्याला वाटतं, मी कोड्यात बोलते.

बांध आहे तसाच आहे. खालचं बदललं.
तेवीस घरं आली, आणि पिवळ्या घसरगुंडीची एक बालवाडी.
मग पत्र आलं: आपले धरण आता अतिधोक्याच्या वर्गात.
धरणाने काही केलं नव्हतं.
त्याच्या पायथ्याशी माणसं झोपायला आली होती, इतकंच.

जूनमधल्या त्या रात्री चार तासांत सात इंच पडला.
मी ट्रकमध्ये बसून मोजपट्टीवर बॅटरी धरली.
नऊ. अकरा. साडेचौदा.
सांडव्याच्या दोन फूट खाली पाणी थांबलं
आणि उभं राहिलं, काळं, फांद्या आणि कुणाचीशी बादली घेऊन,
दार उघडायची वाट बघणाऱ्या गर्दीसारखं.
आणि तळाचा पाइप आपला बेताबेताने वाढत होता,
आजारी माणसाला पेज द्यावी तसा.
तीन दिवस लागले उतरायला.
गावात एवढीच तक्रार झाली
की मैदान ओलं म्हणून बेसबॉलचा सामना रद्द केला.

पायथ्याला एक पाझर आहे. असतोच.
थेंबे थेंबे तळं साचतं, आणि थेंबे थेंबे निसटतंही;
निसटू द्यावं, फक्त निसटताना त्याने माती नेऊ नये.
म्हणून लोणच्याची जुनी बरणी.
दर सोमवारी भरायची, उन्हाकडे धरायची.
नितळ असेल तर घरी. गढूळ असेल तर फोन.

आज बरणीत काहीतरी फिरतंय.
धुरासारखं, अगदी बारीक.
माझा हात कापला असेल. सत्तरी उलटली, कापतो हल्ली.
बरणी ट्रकच्या बॉनेटवर ठेवलीय,
फोन मांडीवर,
आणि दोघी स्थिर व्हायची वाट बघतेय.